गीतसंकलन, घरगुती

गीतसंकलन, घरगुती : स्वतःच्या संग्रहातील तबकड्या, ध्वनिफिती, सीडी किंवा संगणकावरील फाइली यांमधून एखादे सूत्र धरून गाणी निवडणे, त्यांचा क्रम लावणे आणि ती एका नव्या फितीवर, सीडीवर किंवा यादीत एकत्र आणणे या छंदाला, तसेच त्यातून तयार होणाऱ्या वस्तूला, घरगुती गीतसंकलन म्हणतात. बोलण्यात यालाच ‘कॅसेट भरणे’ किंवा ‘मिक्स टेप’ म्हणत; संगणक आल्यावर ‘प्लेलिस्ट’ हा शब्द रुळला. आवडीची गाणी एका जागी गोळा करून ठेवणे आणि संकलन करणे यांत मोठा फरक आहे. संकलनातल्या प्रत्येक गाण्याला त्याच्या आधीचे आणि नंतरचे गाणे काही अर्थ पुरवत असते. एखादे गाणे जिवाभावाचे असूनही सूत्रात बसत नाही म्हणून बाहेर ठेवणे, हा या कामातला सर्वांत अवघड निर्णय होय.

पार्श्वभूमी : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे, त्यामुळे गाणी कोणत्या क्रमाने ऐकायची हे तबकड्या बदलणारा श्रोताच ठरवी. १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी बाजारात आली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले आणि क्रम लावण्याचा अधिकार तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे गेला. उघड्या रिळांची ध्वनिमुद्रण यंत्रे काही घरांत होती. पण ती जड होती आणि फीत हाताने ओवावी लागे. श्रोत्याला क्रमाचा अधिकार परत मिळाला तो कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखाली तयार केलेली कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडली. तिच्यातली फीत केवळ ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ गतीने सरकते. अरुंद फीत आणि कमी वेग यांमुळे सुरुवातीला तिच्यात सततची खरखर ऐकू येई, आणि भाषण किंवा मजकूर टिपून ठेवण्यापुरतीच ती योग्य मानली जात असे. १९६८ मध्ये आलेली घरगुती यंत्रांसाठीची डॉल्बी बी ही खरखर कमी करणारी पद्धत आणि १९७० नंतर प्रचारात आलेल्या क्रोमियम डायऑक्साइडच्या फिती यांनी ती संगीतासाठी वापरण्याजोगी झाली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, आणि चालताना, प्रवासात, एकट्याने ऐकण्यासाठी म्हणून मुद्दाम संकलने भरली जाऊ लागली. दोन कॅसेट एकाच वेळी बसणाऱ्या ‘डबल डेक’ यंत्रांनी हे काम आणखी सोपे केले.

सूत्र : संकलनाची जात त्याच्या सूत्रावरून ओळखू येते. ‘प्रेम’ किंवा ‘आनंद’ अशी सूत्रे फार सैल असतात. त्यांत कोणतेही गाणे बसते, त्यामुळे निवड करण्याचे कारणच उरत नाही. उलट सूत्र फार आवळले, तर केवळ जागा भरण्यासाठी दुबळी गाणी घ्यावी लागतात. चांगल्या सूत्राची एक परीक्षा आहे : ते हाती आल्यावर संग्रहाच्या मागच्या रांगेतली, वर्षानुवर्षे न वाजलेली एखादी तबकडी बाहेर निघाली पाहिजे.

विषयावर आधारलेले सूत्र सर्वांत प्रचलित आहे. पाऊस, रेल्वे, रात्र, पत्रे, वाट पाहणे अशा विषयांवर असंख्य संकलने झाली असतील. येथे नवख्या संकलकाचा हात शब्दांवर जातो आणि ज्या-ज्या गाण्यात ‘पाऊस’ आला ती सारी एका ओळीत उभी राहतात. चौथ्या गाण्यापर्यंत ऐकणाऱ्याला तो शब्द नकोसा होतो. जाणता संकलक पावसाकडे घडणारी गोष्ट म्हणून पाहतो. सुरुवातीला तो कोरडी, ताणलेली, वाट पाहायला लावणारी दोन गाणी घेतो, ज्यांत पावसाचा उल्लेखही नसतो. मग सुटे, तुटक, थेंबांसारखे स्वर असलेला एखादा वाद्यसंगीताचा तुकडा येतो. मग भर पावसाची गाणी येतात, आणि शेवटी पाऊस थांबल्यानंतरची शांतता येते, जिथे आवाज कमी आणि स्वरांमधली मोकळी जागा जास्त असते. अशा संकलनात पाऊस हा शब्द दोन-तीनदाच येतो, पण ऐकणारा भिजल्याशिवाय राहत नाही.

दुसरा प्रकार ध्वनीवर आधारलेला आहे : एकाच वाद्याभोवती फिरणारी गाणी, केवळ दोन आवाजांची गाणी, टाळ्यांचा ठेका असलेली गाणी, एकच चाल निरनिराळ्या गायकांनी गायलेली रूपे. या शेवटच्या प्रकारातून ऐकणाऱ्याचा कान जितका तयार होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल, कारण शब्द आणि चाल तीच राहिल्यामुळे लक्ष पूर्णपणे लय, उच्चार आणि श्वासाच्या जागांकडे वळते. तिसरा प्रकार बंधनाचा : प्रत्येक तबकडीवरचे शेवटचेच गाणे घ्यायचे, दोन मिनिटांपेक्षा लहान गाणीच घ्यायची, किंवा एका वर्षात निघालेलीच गाणी घ्यायची. वरवर हा खेळ वाटतो; पण नेहमीच्या आवडीला बाजूला सारायला तो भाग पाडतो आणि आपल्याच संग्रहाची नव्याने ओळख करून देतो. चौथा प्रकार व्यक्तीसाठीचा. अमुक एका माणसाला द्यायचे म्हणून केलेल्या संकलनात सूत्र बहुधा सांगितलेले नसते. देणाऱ्याला जे सरळ बोलता येत नाही ते गाण्यांच्या क्रमातून सुचवले जाते.

या सर्व प्रकारांत ‘स्वतःचा संग्रह’ ही अट दुय्यम नाही. ज्या तबकड्या माणसाने विकत घेऊन, पुन्हापुन्हा ऐकून अंगवळणी पाडलेल्या असतात, त्यांतल्या दुसऱ्या बाजूची दुर्लक्षित गाणी, लांबलेले शेवट, मध्येच येणारी शांतता हे सारे त्याच्या स्मरणात असते. अमर्याद भांडारात शब्द टाकून शोधलेली गाणी विषयाला धरून असतात. ती एकमेकांशी जुळतील याची मात्र खात्री नसते.

क्रम आणि सांधे : दोन गाण्यांमधल्या जोडाला सांधा म्हणणे योग्य ठरेल, आणि संकलनाचे कसब या सांध्यांत दिसते. गाणी तीन प्रकारे संपतात : एकदम तुटून, शेवटचा स्वर विरेपर्यंत घुमत राहून, किंवा ध्वनिमुद्रकाने आवाज हळूहळू उतरवल्यामुळे. उतरत जाणाऱ्या शेवटानंतर तशाच हळू चढणाऱ्या सुरुवातीचे गाणे आले, तर मध्ये खड्डा पडतो आणि लक्ष उडते. तेथे ठाशीव सुरुवातीचे गाणे हवे. एकदम तुटणाऱ्या शेवटानंतर क्षणभर शांतता द्यावी लागते, नाहीतर धक्का बसतो. कधी तो धक्काच हवा असतो, हा भाग वेगळा. आधीच्या गाण्याचा अखेरचा स्वर पुढच्या गाण्याचा षड्ज किंवा पंचम असेल, तर कान तो बदल न कुरकुरता स्वीकारतो. अर्ध्या स्वराच्या अंतरावरच्या दोन पट्ट्या शेजारी आल्या की दुसरे गाणे उगाचच बेसूर भासते. सांध्यातली शांतता किती असावी यासाठी एक उपयुक्त रीत आहे. संपणाऱ्या गाण्याचा ठेका बोटाने चालू ठेवायचा, दोन किंवा चार मात्रा मोजायच्या आणि पुढचे गाणे नेमके त्या मात्रेवर येईल असे पाहायचे. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण सांधा बसल्याचे समाधान त्याला जाणवते.

पहिले गाणे सूत्र जाहीर करते. दुसरे गाणे, माझ्या मते, त्याहून महत्त्वाचे असते, कारण पहिल्याने दिलेल्या वचनाला वळण कोणते मिळणार हे त्यावरून कळते. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ घेऊ नयेत हा जुना संकेत आहे. सर्वांत गाजलेले गाणे सुरुवातीला खर्ची घालणे हीही नेहमी घडणारी चूक आहे.

कॅसेट भरणे : कॅसेटच्या नावातील आकडा दोन्ही बाजूंची एकूण मिनिटे दाखवतो. सी-६० मध्ये प्रत्येक बाजूला ३० आणि सी-९० मध्ये ४५ मिनिटे मिळतात. सी-१२० मध्ये तासभराची बाजू मिळते, पण तेवढी फीत त्याच डबीत बसवण्यासाठी ती फार पातळ करावी लागते. ती ताणते, यंत्रात गुंडाळली जाते, आणि एका वेटोळ्यावरचे ध्वनिमुद्रण शेजारच्या वेटोळ्यावर पुसट उमटून गाण्याआधीच त्याची चाहूल ऐकू येते. म्हणून संकलनासाठी सी-९० हीच पसंतीची ठरली.

या ४५ मिनिटांचा हिशेब कागदावर मांडावा लागे. समजा, निवडलेल्या ११ गाण्यांची बेरीज ४३ मिनिटे २० सेकंद झाली. मधल्या १० सांध्यांना प्रत्येकी ३ सेकंद धरली तर ३० सेकंद, आणि फितीच्या आरंभीच्या, ध्वनिमुद्रण न होणाऱ्या कोऱ्या पट्टीचे सुमारे ५ सेकंद, असे ४३ मिनिटे ५५ सेकंद होतात. उरलेल्या मिनिटभरात काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक बाजूला पडे. कोणी तेथे एखादा छोटा वाद्यतुकडा घाली, कोणी ती जागा कोरी सोडी. हिशेब चुकला तर शेवटचे गाणे मध्येच तुटे आणि ते पुन्हा बसवण्यासाठी अर्धी बाजू नव्याने भरावी लागे. बाजू उलटण्याची सक्तीही उपकारक होती, कारण पहिल्या बाजूला एक शेवट आणि दुसऱ्या बाजूला एक नवी सुरुवात आपसूक मिळे.

प्रत्यक्ष भरताना सारी मदार ‘पॉज’च्या बटणावर असते. पॉज दाबून ठेवून रेकॉर्डचे बटण लावायचे, गाण्यातला सर्वांत मोठा आवाज वाजवून यंत्रावरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत ध्वनिमुद्रणाची पातळी ठरवायची, तबकडी पुसून सुई गाण्याच्या किंचित आधीच्या खाचेत ठेवायची आणि पहिला स्वर येण्याच्या क्षणभर आधी पॉज सोडायचा. गाणे संपल्यावर घुमारा पूर्ण विरू द्यायचा आणि मगच पॉज दाबायचा. तेथे स्टॉपचे बटण दाबले तर फितीवर ‘टक्’ असा आवाज कायमचा उमटू शकतो. जुन्या कॅसेटवर भरले असेल तर बाजूच्या शेवटी पूर्वीच्या गाण्याचा तुकडा शिल्लक राहतो. तो घालवण्यासाठी पातळी शून्यावर ठेवून फीत शेवटपर्यंत चालवावी लागते.

निरनिराळ्या काळातली ध्वनिमुद्रणे शेजारी आली की त्यांच्या आवाजातला फरक खुपतो, कारण जुनी बहुधा हळू आणि नवी मोठ्याने वाजतात. कॅसेटवर हा फरक प्रत्येक गाण्याला पातळी बदलून, कानाने मिटवावा लागे, कारण क्षणिक उंच टोक दाखवणारा काटा आणि कानाला जाणवणारा मोठेपणा ही एकच गोष्ट नव्हे. संगणकावरील फाइलींसाठी २००१ मध्ये रीप्लेगेन ही पद्धत सुचवली गेली. ती गाण्याचा जाणवणारा मोठेपणा मोजून त्याची नोंद फाइलीत करते आणि मूळ ध्वनीला हात लावत नाही.

सीडी आणि यादी : १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी सीडी लिहिणारी यंत्रे परवडू लागली. सीडीवर ७४ किंवा ८० मिनिटे मिळतात आणि खरखर नसते. पण दोन बाजू गेल्या, आणि एका बटणाने पुढचे गाणे गाठता येऊ लागल्यामुळे सांध्यांकडे लक्ष देणारे कान कमी झाले. सीडी लिहिणारे अनेक प्रोग्रॅम दोन गाण्यांमध्ये आपोआप दोन सेकंदांची शांतता टाकतात. संपूर्ण सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडला, तर ही शांतता काढता किंवा कमी-जास्त करता येते, आणि संकलनासाठी तोच निवडावा. एमपी३ फाइली आणि २००१ मध्ये आलेले आयट्यून्स व आयपॉड यांच्यामुळे संकलन म्हणजे केवळ यादी उरली. ती कधीही बदलता येते, म्हणून ती क्वचितच पूर्ण होते. अनेक जाणकार अशा यादीलाही मुद्दाम ४५ मिनिटांची मर्यादा घालून घेतात आणि ते योग्यच आहे.

कायदा : घरगुती ध्वनिमुद्रणाबद्दल तबकडी-उद्योगाला पहिल्यापासून धास्ती होती. १९८१ मध्ये ब्रिटनमधील उद्योगसंस्थेने घरगुती टेपिंग संगीताचा जीव घेत आहे, अशी मोहीम चालवली. तिच्या चिन्हात कवटीच्या जागी कॅसेट होती. जर्मनीने १९६५ च्या कायद्यात ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून कलावंतांना भरपाई देण्याचा मार्ग काढला. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने अशा यंत्रांवर केलेल्या अव्यापारी घरगुती ध्वनिमुद्रणाबद्दल ग्राहकावर दावा लावण्यास प्रतिबंध केला. ब्रिटनने २०१४ मध्ये दिलेली खासगी प्रतीची मुभा २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द केली. स्वतःसाठी प्रत करणे आणि ती दुसऱ्याला देणे यांत बहुतेक कायदे फरक करतात.

नोंद आणि जतन : संकलनाबरोबर गाण्याचे नाव, गायक, संगीतकार, वर्ष आणि ते कोणत्या तबकडीवरून घेतले याची नोंद असावी, कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर ती बारीक अक्षरांत लिहिली जाई, आणि कण्यावर संकलनाचे नाव येई. भरलेल्या कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन लहान चकत्या मोडल्या की तिच्यावर चुकून पुन्हा भरले जात नाही. पुढे कधी भरायचेच असेल तर त्या खाचा चिकटपट्टीने बुजवता येतात. कॅसेट एका टोकापर्यंत गुंडाळून, उभी, उष्णतेपासून व स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर उजेडाने खराब होतो, म्हणून ती अंधाऱ्या जागी ठेवावी. संगणकावरच्या यादीची अडचण वेगळी असते. एम३यू प्रकारच्या यादीत संगीत नसतेच, फाइल कोठे आहे तिचा पत्ता तेवढा असतो. फोल्डरचे नाव बदलले किंवा डिस्क बदलली की यादी उघडते, पण एकही गाणे वाजत नाही. म्हणून यादीतल्या फाइलींच्या प्रती, शक्य असल्यास ध्वनीचा कोणताही अंश न गमावणाऱ्या फ्लॅक प्रकारात, यादीसह एकाच फोल्डरमध्ये क्रमांक घालून ठेवाव्यात आणि गाण्यांचा क्रम साध्या मजकुराच्या फाइलीतही लिहून ठेवावा.