फ्रान्सच्या ग्रामीण भागातील सायकल-रस्ते

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या दुय्यम डांबरी रस्त्यांवर सायकलने फिरण्याची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. नावाजलेले लांब सायकलमार्ग त्या देशात पुष्कळ आहेत. परंतु परंपरेचा खरा आधार आहे तो जिल्हा आणि गाव पातळीवरच्या रस्त्यांचे दाट जाळे. फ्रान्समधील रस्त्यांची एकूण लांबी १० लाख किलोमीटरहून अधिक भरते आणि तिच्यातला बहुतेक वाटा याच रस्त्यांचा आहे. द्रुतगती मार्गांवर सायकलला बंदी आहे आणि राष्ट्रीय रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ असते. त्यामुळे सायकलस्वार नकाशावर ‘डी’ अक्षराने दाखवलेले, देपार्तमां म्हणजे जिल्ह्याच्या अखत्यारीतले रस्ते पसंत करतात. पिवळ्या टोपीचा पांढरा मैलाचा दगड ही या रस्त्यांची जुनी खूण. राष्ट्रीय रस्त्यांवरच्या दगडांची टोपी लाल असते.

हे जाळे सायकलसाठी विणलेले नाही. २१ मे १८३६ च्या कायद्याने गावोगावच्या रस्त्यांची देखभाल प्रत्येक कम्यूनवर, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनावर, बंधनकारक केली आणि त्यासाठी गावकऱ्यांवर वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रमदानाची सक्ती केली. गाव ते गाव, गाव ते बाजारपेठ असे बैलगाडी-घोडागाडीचे रस्ते त्यातून पक्के झाले. पुढे मोटारींची रहदारी मोठ्या रस्त्यांकडे वळली. मागे उरले ते डांबर घातलेले, नीट राखलेले आणि तासन्‌तास जवळजवळ मोकळे असणारे रस्ते. ग्रामीण फ्रान्समध्ये सायकल चालवण्याचे सुख मुख्यतः या ऐतिहासिक योगायोगातून आलेले आहे, आणि म्हणूनच ते एखाद्या आखीव मार्गापुरते मर्यादित नाही.

या रस्त्यांचा सायकलसाठी पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय सँ-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांना दिले जाते. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि चढासाठी एकाहून अधिक गिअर असावेत हा आग्रह आयुष्यभर धरला. ‘तूर द फ्रान्स’ शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली खरी, पण तिचे संस्थापक आंरी देग्राँज यांचा गिअर बदलण्याच्या यंत्रणेला विरोध होता. शर्यतीत तिला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. भटकंती करणारे सामान्य सायकलस्वार या बाबतीत शर्यतपटूंच्या कितीतरी पुढे होते. त्यांचा महासंघ १९२३ मध्ये स्थापन झाला. प्रत्येक देपार्तमांतली सहा ठिकाणे सायकलने गाठून तिथला शिक्का आपल्या पुस्तिकेवर घ्यायचा, हा त्याचा उपक्रम अनेकांना आयुष्यभर पुरतो. देशाच्या षटकोनी आकाराचे सहा कोपरे मानलेल्या ब्रेस्ट, डंकर्क, स्ट्रासबूर, माँताँ, पेर्पिन्याँ आणि आँदाय यांना जोडणाऱ्या ‘दियागोनाल’ या लांब पल्ल्याच्या मार्गांनाही असाच मान आहे.

भूप्रदेशाची विविधता हे या रस्त्यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय. पॅरिसच्या नैर्ऋत्येला बोसचे गव्हाचे सपाट पठार आहे. तिथे शार्त्रच्या कॅथीड्रलचे मनोरे फार दुरून दिसू लागतात आणि वारा समोरून असेल तर बराच वेळ तेवढ्याच दुरून दिसत राहतात. नॉर्मंडीत कुंपणाच्या झाडोऱ्यांनी वेढलेली लहान कुरणे लागतात. पूर्वेला अल्सासचा सुमारे १७० किलोमीटरचा द्राक्षमळ्यांचा रस्ता व्होज डोंगराच्या पायथ्याने जातो. मध्य फ्रान्समधील काँतालच्या विझलेल्या ज्वालामुखीवर पा द पेरोल ही खिंड सुमारे १,५९० मीटर उंचीवर आहे. तिच्या अखेरच्या टप्प्याचा चढ १० टक्क्यांहून तीव्र आहे. दक्षिणेकडे कोस नावाची चुनखडीची ओसाड पठारे असून त्यांना चिरत जाणाऱ्या तार्न नदीच्या घळीतून रस्ता आहे. आल्प्सच्या अलीकडे व्हेर्कोरमध्ये कोंब लाव्हालचा रस्ता उभ्या कड्यात कोरलेला आहे. लांतच्या जंगलातले लाकूड खाली आणण्यासाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झाला. लहान लहान बोगद्यांतून बाहेर पडताना एका बाजूला थेट शेकडो मीटरची दरी दिसते.

प्रॉव्हान्समधील मों व्हाँतू (सुमारे १,९१० मीटर) हा पर्वत यांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे. बेदवाँ गावातून निघणारा रस्ता सुमारे २१ किलोमीटरांत १,६०० मीटरच्या आसपास चढतो. पहिले काही किलोमीटर द्राक्षमळ्यांतून सावकाश वर जातात. सँ-एस्तेव्हच्या वळणानंतर मात्र दाट झाडीत सलग नऊ-दहा टक्क्यांचा चढ सुरू होतो आणि श्वास घ्यायला सपाट जागा मिळत नाही. हे जंगल लावलेले आहे: जहाजबांधणीसाठी आणि इतर कामांसाठी डोंगर बोडका झाल्यावर एकोणिसाव्या शतकात तिथे पुन्हा झाडे लावण्यात आली. शाले रेनार या ठिकाणानंतरचे सहा किलोमीटर पांढऱ्या चुनखडीच्या उघड्या उतारावरून जातात. उन्हाची तिरीप दगडांवरून डोळ्यांत येते आणि मिस्त्राल हा उत्तरेचा जोरदार वारा सुटला असेल तर सायकल सरळ धरणेही कठीण होते. १३ जुलै १९६७ रोजी ब्रिटिश शर्यतपटू टॉम सिम्पसन याचा याच टप्प्यात, माथ्याच्या अलीकडे मृत्यू झाला. त्याच्या स्मारकापाशी सायकलस्वार टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात. मालोसेन आणि सो या गावांतूनही माथ्यावर रस्ते आहेत. सोकडचा रस्ता अधिक लांब असला तरी त्या मानाने सोपा आहे.

व्हाँतू चढला म्हणजे प्रॉव्हान्स पाहिला, असे समजणाऱ्यांचे मोठे नुकसान होते. त्याच्या दक्षिणेला व्हील-स्यूर-ओझाँहून सोकडे नेस्क नदीच्या घळीच्या काठाने जाणारा डी ९४२ हा रस्ता हलक्या चढाचा आणि फारच सुंदर आहे. वाटेत सज्जासारख्या जागेवरून समोर रोशे द्यू सीरचा प्रचंड कडा दिसतो. सोच्या पठारावर उन्हाळ्यात लॅव्हेंडर फुलते. दोन्ही रस्ते जोडून वर्तुळाकार फेरी करता येते. घळीचा रस्ता आधी आणि डोंगर सोच्या बाजूने नंतर, हा क्रम पायांना मानवतो.

महाराष्ट्राचा या रस्त्यांशी प्रत्यक्ष संबंध आला तो पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसमुळे. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेला हा सुमारे १,२०० किलोमीटरचा मार्ग आता दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वारांसाठी आखला जातो आणि तो पूर्ण करण्याची कमाल मुदत ९० तास आहे. पात्रतेसाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘बीआरएम’ म्हणजे ठरावीक मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात. त्या महाराष्ट्रात नियमित होतात आणि इथले अनेकजण त्यातून पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला जाऊन आले आहेत. सह्याद्रीत सराव झालेल्याला ब्रिटनी, म्हणजे ब्रेस्ट ज्यात आहे तो वायव्येकडचा प्रदेश, वेगळ्या तऱ्हेने दमवतो. आपल्याकडे घाट येतो, चढून संपतो आणि मग पठार किंवा लांब उतार मिळतो. ब्रिटनीत मोठा घाट नाही, पण लहान-लहान चढउतार दिवसरात्र संपत नाहीत. वाटेवरचे लोक घरासमोर टेबल मांडून कॉफी, पाणी आणि क्रेप (पातळ धिरडी) देतात. व्हिलेन-ला-ज्युएल गावात शाळकरी मुले थकलेल्या स्वारांचे जेवणाचे ताट उचलून टेबलापर्यंत नेतात.

मोटारींची वर्दळ नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या आखीव मार्गांमध्ये नेव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकपर्यंतचा सुमारे ९०० किलोमीटरचा लोआर नदीकाठचा मार्ग आणि बर्गंडीतील जुन्या रेल्वेमार्गावरचा जिव्री–क्ल्युनी मार्ग विशेष ओळखीचे आहेत. कुटुंबासह, सामान लादून जाणाऱ्यांना ते उत्तम आहेत. मात्र अरुंद टायरच्या सायकलला डी रस्ताच बरा, कारण कालव्यांच्या काठच्या वाटा जागोजागी कच्च्या आहेत. मिशलँ कंपनीचे १:२,००,००० प्रमाणाचे नकाशे अजूनही उपयोगी पडतात. त्यांत निसर्गरम्य रस्त्याला हिरवी कड असते आणि बाणांच्या संख्येवरून चढाची तीव्रता कळते. मोठ्या खिंडींच्या रस्त्यांवर दर किलोमीटरला पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला असतो.

खेड्यांतली दुकाने दुपारी १२ नंतर दोन तास तरी बंद असतात आणि सोमवारी अनेक बेकऱ्या उघडतच नाहीत, त्यामुळे खाण्याची सोय सकाळीच करावी लागते. पाण्यासाठी गावच्या दफनभूमीतला नळ हा अनुभवी स्वारांचा हक्काचा आधार. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी तेवढी पाहून घ्यावी. मोटारचालकाने सायकलला ओलांडताना गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे. रात्री किंवा अपुऱ्या उजेडात गावाबाहेर सायकलस्वाराला परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. गालिबिए (२,६४२ मीटर) आणि इझराँ या उंच खिंडी बर्फामुळे साधारण जूनपर्यंत बंद राहतात आणि त्या खुल्या आहेत की बंद हे पायथ्याच्या फलकावर लिहिलेले असते. ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल उत्तरेकडून येतो, तर लोआरकाठी वारा बहुधा पश्चिमेचा. टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाड्यांत सायकल नेता येत असल्याने जाणते लोक वाऱ्याच्या उलट दिशेने रेल्वेने जातात आणि परत सायकलने येतात.