दंडघेर अन् दंडाची घडी : ११.२ नेमकं कशाचं?

मागच्या हिवाळ्यात मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एका गावात आमचा पोषणाचा सर्व्हे होता, अंगणवाडीतच. सेविका ताई रंगीत पट्टीने लेकरांचे दंड मोजत होत्या अन् बाजूच्या चटईवर आमच्या टीमचा एक जण कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजायचा चिमटा, घेऊन बसला होता. संध्याकाळी सगळं एक्सेलमधे भरलं, कॉलमचं नाव फक्त ‘दंड’. दोन वर्षांच्या एका पोरीपुढे ११.२ लिहिलेलं, शीटने ११.५ च्या खाली म्हणून ओळ लाल केली, नाव सॅमच्या, म्हणजे अतितीव्र कुपोषित लेकरांच्या यादीत गेलं. दुसऱ्या दिवशी ताई सकाळीच तिच्या घरी पोचल्या तर माय घाबरून गेली, म्हणे काल तर पोरगी बरी हाय म्हणालात, आता काऊन आल्या? पट्टी परत लावली, १५.८ आली, चांगली हिरवी. ११.२ हे सेंटीमीटर नव्हतेच, कॅलिपरचे मिलीमीटर होते.

तेव्हापासून मी हे ज्याला त्याला सांगत असतो, कारण दोन्ही मापं एकाच जागेवर घेतात अन् गोंधळ तिथूनच चालू होतो. खांद्याचं हाड अन् कोपराचं टोक यांच्या मधोमध, कोपर काटकोनात वाकवून मधला बिंदू काढायचा, पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडायचा. इथपर्यंत दोन्ही सारखंच.

दंडघेर म्हणजे त्या खुणेवर पट्टी गोल फिरवून आलेला घेर. त्यात हाड, स्नायू, चरबी, कातडी सगळंच मोजलं जातं. ६ ते ५९ महिन्यांच्या लेकरात ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे सॅम, लाल, ११.५ ते १२.५ च्या मधे मॅम, म्हणजे मध्यम कुपोषण, पिवळा, त्याच्यावर हिरवा. पट्टीवर रंगच छापलेले असतात म्हणून वाचता न येणाऱ्या मायलाही समजतं, अन् मेळघाटासारख्या ठिकाणी याहून कामाचं साधन मी तरी पाहिलं नाही. फक्त दोन्ही पायांवर सूज असली, अंगठा दाबल्यावर खड्डा पडत असला, तर पट्टी हिरवी दाखवली तरी लेकरू सॅमच धरायचं.

घडी, म्हणजे स्किनफोल्ड, हे वेगळंच काम आहे. दंडाच्या मागच्या बाजूला, त्याच उंचीवर, अंगठा अन् बोटाने कातडी अन् खालची चरबी उभी चिमटीत धरून स्नायूपासून वर उचलायची, चिमटीपासून एक सेंटीमीटर खाली कॅलिपर लावायचा, दोन सेकंदांनी काटा वाचायचा. जास्त वेळ धरला तर चरबी दबत जाते अन् आकडा खाली येत राहतो, म्हणून दोन सेकंद म्हणजे दोनच सेकंद. चांगल्या कॅलिपरचा दाब दर चौरस मिलीमीटरला १० ग्रॅम ठरलेला असतो, हार्पेंडन नावाचा कॅलिपर असेल तर ०.२ मिलीमीटरपर्यंत वाचता येतं. यात स्नायू नाही, हाड नाही, फक्त दुहेरी कातडी अन् चरबी. दोन वर्षांच्या पोरीत ११.२ मिलीमीटर म्हणजे वयाच्या मानाने चांगलीच भरलेली घडी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मधे ३ महिने ते ५ वर्षांच्या लेकरांसाठी दंडघेराचे अन् घडीचे तक्ते दिले, दोन्ही वेगवेगळे, कारण गोष्टीच वेगवेगळ्या.

आता एकदा मला कोणीतरी म्हणालं की रेंज चेक लावा ना, म्हणजे ठरवलेल्या हद्दीबाहेरचा चुकीचा आकडा शीट घेणारच नाही. पण ११.२ दोन्हीकडे खरा आकडा आहे! तो चुकीचा नाहीच, फक्त नाव चुकलंय, मग मशीन पकडणार कसं?

म्हणून डेटा मॉडेल, म्हणजे माहिती कोणत्या खोक्यात कशी ठेवायची त्याचा आराखडा, बनवताना पहिली गोष्ट, दंडघेर अन् घडी या दोन वेगळ्या संकल्पना, दोन वेगळे फॉर्म, ‘दंड’ नावाचं खोकं कुठेच नको. युनिट टाइप करायला द्यायचं नाही, घडी म्हटली की मिलीमीटरच. घडी दंडावरच असते असंही नाही, खवाट्याखाली असते, कमरेच्या हाडावर असते, म्हणून जागा यादीतून निवडायची, अन् बाजू वेगळी. लहान लेकरांचा दंडघेर डाव्या हातावर घेतात, खेळाडूंची घडी मोजणारे आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीने उजवी बाजू घेतात, बाजू नाही लिहिली तर पुढे दोघांचा डेटा एकत्र करता येत नाही.

माझा सगळ्यात जास्त आग्रह मात्र रीडिंगबद्दल असतो. घडी दोनदा घ्यायची, फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर तिसऱ्यांदा, दोन असतील तर सरासरी, तीन असतील तर मधला आकडा. आमच्याकडे लोक फक्त शेवटचा आकडा ठेवतात, अन् मग मोजणाऱ्याचा हात पक्का होता की नाही हे कधीच कळत नाही. तिन्ही रीडिंग ठेवा, निवडलेला आकडा वेगळा ठेवा, कोणता कॅलिपर ते लिहा. लेकरू रडत असलं, हात झटकत असलं, घडी धरताच आली नाही तर तसं कारण लिहायला जागा द्या, शून्य भरू नका. आरोग्याच्या नोंदी ठेवायचं ओपनईएचआर नावाचं मानक आहे, त्याच्या आर्किटाइपमधे, म्हणजे नोंदीच्या साच्यात, मोजलेला आकडा एकीकडे अन् साधन-पद्धत ‘प्रोटोकॉल’मधे अशी सोय आधीच आहे, अन् आयुष्मान भारत डिजिटल मिशन ज्याच्यावर चालतं त्या फायर (FHIR) मानकाच्या ऑब्झर्व्हेशनमधेही, म्हणजे मापाच्या नोंदीतही, शरीराची जागा, पद्धत, साधन यांना आपापली जागा आहे.

अन् हिशोबाने काढलेले आकडे अजून वेगळे. दंडघेरातून घडीची ३.१४ पट वजा केली की दंडातल्या स्नायूचा घेर येतो. त्याच पोरीचं बघा, १५.८ वजा ३.१४ गुणिले १.१२, म्हणजे १२.३ सेंटीमीटर. मिलीमीटरचे सेंटीमीटर करायचे विसरलात तर उत्तर उणे १९ येतं, ते निदान दिसतं तरी. पण १२.३ दिसत नाही! हाही दंडाचाच, हाही सेंटीमीटरमधेच, अन् दंडघेराच्या खोक्यात पडला तर पिवळा, मॅम. म्हणजे एकच पोरगी, एकच हात, १५.८ ने हिरवी, १२.३ ने पिवळी, ११.२ ने लाल. चार घड्यांवरून चरबीची टक्केवारी काढतात त्यातही हेच, ड्युर्निन अन् वोमर्सली यांचं १९७४ चं सूत्र वापरलं असेल तर तसं नाव सोबत लिहा, अन् ते सूत्र लेकरांना लावू नका, ते १६ वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे.

आम्ही आता कागदी फॉर्मवरही दोन वेगळे रकाने छापलेत, एकावर पट्टीचं चित्र, एकावर चिमट्याचं, कारण ताई लोकं कॅलिपरला चिमटाच म्हणतात. जुन्या शीटमधले जे आकडे कशाचे ते ठरवता येत नाही ते आम्ही अंदाजाने कुठेच ढकलले नाहीत, ‘माप कशाचं ते माहीत नाही’ असं लिहून बाजूला ठेवलेत, अन् त्या लेकरांचे दंड परत मोजणं चालू आहे.