बांदेबेरेहो (रवांडा)

बांदेबेरेहो हा रवांडातील तरुण जोडप्यांसाठी गावपातळीवर चालणारा पालकत्वाचा कार्यक्रम आहे. बायको गरोदर आहे किंवा घरात पाच वर्षांखालील मूल आहे, अशा जोडप्यांना दर आठवड्याला बैठकीला बोलवायचे, बाळंतपण, संगोपन, पैसाअडका, घरकाम, दारू आणि भांडणे यांविषयी त्यांना बोलते करायचे आणि त्या वाटेने बायकोला व मुलांना होणारी मारहाण थांबवायची, असे त्याचे स्वरूप. नावाचा किन्यारवांडा भाषेतील अर्थ ‘ज्यांच्याकडे पाहून शिकावे असे’ हा. २०१३ ते २०१५ या काळात चार जिल्ह्यांतील सुमारे १,७०० जोडपी या बैठकांना बसली. घरगुती हिंसा रोखणारे कार्यक्रम जगात पुष्कळ आहेत. पण ज्याचा परिणाम नीट तुलना करून मोजला गेला आणि सहा वर्षांनी पुन्हा तपासला गेला, अशा मोजक्या कार्यक्रमांत बांदेबेरेहोची गणना होते.

पार्श्वभूमी

एप्रिल ते जुलै १९९४ मधील वंशसंहारानंतर रवांडाने स्त्रियांच्या हक्कांचे कायदे झपाट्याने केले. १९९९ मध्ये मुलींना वारसाहक्क मिळाला, २००८ मध्ये लिंगाधारित हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच वर्षी तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहात स्त्रियांचे बहुमत झाले. घराच्या आत मात्र फारसे हलले नाही. मार खाऊन आलेल्या बाईला वडीलधाऱ्या बायका ‘निको झुबाक्वा’ म्हणून समजावत राहिल्या. संसार असेच उभे राहतात, असा त्याचा भाव. आपल्याकडे ‘भांड्याला भांडे लागायचेच’ म्हणून जी समजूत घातली जाते, तिचीच ही सख्खी बहीण. कायदा पोलीस चौकीपर्यंत येतो. या वाक्याचा मुक्काम चुलीपाशी असतो आणि बांदेबेरेहोला तेथवर पोहोचायचे होते.

मूळ आराखडा लॅटिन अमेरिकेतला. ब्राझीलमध्ये सुरू झालेली प्रोमुंडो (तिची अमेरिकेतील शाखा २०२२ पासून इक्विमुंडो), चिलीतील कुल्तुरासालुद आणि निकाराग्वातील रेदमास या संस्थांनी बापांसाठी ‘प्रोग्राम पी’ नावाची प्रशिक्षणपुस्तिका तयार केली. पुरुषांबरोबर काम करणाऱ्या रवांडा मेन्स रिसोर्स सेंटर या स्थानिक संस्थेने ती आपल्या मातीत रुजवली. त्यासाठी निवडलेले जिल्हे एकमेकांहून बरेच वेगळे होते: किवू सरोवराकाठचा कारोंगी, ज्वालामुखींच्या पायथ्याचा बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेला मुसान्झे, दक्षिणेकडचा गरीब न्यारुगुरू आणि राजधानीच्या पूर्वेचा र्वामागाना.

बैठका

पुरुषांसाठी एकूण १५ बैठका असत. त्यांपैकी ८ बैठकांना बायकोही सोबत असे. बैठक चालवणारे बाहेरचे तज्ज्ञ नसत. त्याच भागातले, स्वतः बाप असलेले स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन हे काम करत. गरोदरपण आणि कुटुंबनियोजनाच्या बैठकांना परिचारिका आणि कायद्याच्या बैठकीला पोलीस कर्मचारी येत.

बायकोला मारू नये हे सांगायला बोलावले असते, तर बहुतेक पुरुष आले नसते आणि आले असते तेही हाताची घडी घालून बसले असते. इथे आमंत्रण होते ते चांगला बाप होण्याचे. हिंसेचा विषय लपवलेला नव्हता. तिचे प्रकार कोणते, मुलांवर तिचे काय परिणाम होतात, राग चढला की काय करायचे, यावर स्वतंत्र बैठका होत्या. पण त्या येईपर्यंत गटातल्या पुरुषांनी स्वतःच्या बापाविषयी बोललेले असे. बापाने आपल्याला काय दिले, त्यातले पुढे काय न्यायचे आणि काय इथेच थांबवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला जाई. आईला मार खाताना पाहिलेला पोरगा आता स्वतः नवरा झाला आहे, ही गोष्ट त्याला कुणी सुनावत नसे. बोलता बोलता ती त्याच्याच तोंडून येई.

या पद्धतीतला ‘चोवीस तासांचा’ पाठ जवळून पाहण्यासारखा आहे. नवऱ्याचा दिवस आणि बायकोचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, तासातासाने मांडायचा. एका बाजूला शेत, मजुरी, बाजार, मित्रांबरोबर बसणे. दुसऱ्या बाजूला पाणी, सरपण, पाठीशी मूल बांधून डोंगरउतारावरची कुदळणी, तासन्‌तास शिजत राहणारा घेवडा, धुणीभांडी, मुलांच्या आंघोळी आणि रात्री उठून बाळाला पाजणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोण थकते, याचा वाद उरत नाही. पाठ तिथे संपत नाही. घरी जाऊन यातले एखादे काम करून पाहायचे आणि काय झाले ते गटात सांगायचे, असा प्रघात होता. माझ्या मते कार्यक्रमाचा जीव या दोन बैठकांमधल्या दिवसांत आहे. समजलेली गोष्ट हाताने करून पाहिल्याशिवाय सवय बदलत नाही.

बाहेरचा त्रास व्हायचाच. घरकाम करणाऱ्या पुरुषाला रवांडात ‘इन्गान्झ्वा’, म्हणजे बायकोच्या मुठीतला, म्हणून हिणवतात. बायकोने काहीतरी खायला घातले असेही बोलतात. एकट्याने हे टोमणे सोसणे कठीण. गटात तेच सोसणारे आणखी गाववाले असत, आणि समुपदेशकाच्या बंद खोलीऐवजी गावाचा गट निवडण्याचे मोठे कारण हेच आहे.

परिणाम

परिणाम मोजण्यासाठी १,१९९ जोडप्यांची सोडत काढून दोन गटांत विभागणी केली. ५७५ जोडपी कार्यक्रमात आली, ६२४ तुलनेसाठी बाहेर राहिली. सुरुवातीनंतर २१ महिन्यांनी बायकांना स्वतंत्रपणे विचारले गेले. गेल्या वर्षभरात नवऱ्याने मारले असे सांगणाऱ्या बायका तुलनेच्या गटात सुमारे ५७ टक्के, तर कार्यक्रमातल्या गटात सुमारे ३३ टक्के होत्या. लैंगिक हिंसेचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६० आणि ३५ टक्के होते. मुलांना मारण्याचे प्रमाणही कमी आढळले. नवरे गरोदरपणातील तपासणीला बायकोबरोबर अधिक वेळा गेले, गर्भनिरोधकांचा वापर वाढला, पुरुषांचा घरकामातला वेळ वाढला आणि घरातले निर्णय एकट्या पुरुषाच्या हाती राहण्याचे प्रमाण घटले. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा वर्षांनंतरच्या पाहणीतही हिंसेतील फरक टिकून होता. ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. या क्षेत्रात इतका दीर्घ पाठपुरावा क्वचितच होतो.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, ते लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत, आणि कार्यक्रमात बसलेल्या माणसाला कोणते उत्तर शोभते हे कळलेले असते. तरीही मुलांना मारण्याविषयी बायका आणि नवरे यांची उत्तरे एकाच दिशेने गेली, ही जमेची बाजू. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. कार्यक्रम यशस्वी झालेल्या गटातही तिघींपैकी एकीने वर्षभरात मार खाल्ला होता. म्हणून पोलीस, रुग्णालय, निवारा आणि कायदेशीर मदत यांची जागा असे गट घेऊ शकत नाहीत. जिथे जिवाला धोका आहे, तिथे जोडप्याला शेजारी बसवून बोलते करणे बाईच्या अंगाशी येऊ शकते. घरी गेल्यावर तिला त्या बोलण्याची किंमत मोजावी लागते, आणि संयोजकांना याचे भान सतत ठेवावेच लागते.

पुढील वाटचाल आणि तत्सम प्रयोग

नंतर मुसान्झे जिल्ह्यात हा कार्यक्रम सरकारी आरोग्यव्यवस्थेशी जोडला गेला आणि बैठका चालवण्याचे काम गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांकडे आले. आपल्याकडच्या आशा सेविकांसारखेच हे गावातून निवडलेले लोक असतात. शेजारच्या युगांडात ‘रिअल फादर्स’ या उपक्रमाने वेगळी रीत धरली: उत्तरेकडील अमुरू जिल्ह्यात १६ ते २५ वयोगटातल्या तरुण बापांना गावातलाच एकेक अनुभवी मार्गदर्शक दिला गेला आणि जोडीला भित्तिपत्रके लावली गेली.

प्रोमुंडोच्या कामाचा धागा मुंबईतही आला आहे. तिच्या तरुण पुरुषांसाठीच्या पुस्तिकेवरून बेतलेला ‘यारी दोस्ती’ हा उपक्रम कोरो या संस्थेच्या साथीने मुंबईच्या वस्त्यांत चालला. जोडप्यांबरोबरच्या कामाचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २०१२ ते २०१४ दरम्यान झालेला ‘चार्म’ प्रयोग. त्यात १,०८१ जोडपी होती आणि नवऱ्यांशी बोलायचे काम गावातल्या पुरुष डॉक्टरांना शिकवले होते. दीड वर्षानंतर त्या गटात लैंगिक हिंसा कमी आढळली. चार्मचा भर मात्र कुटुंबनियोजनावर होता, पालकत्वावर नव्हता.

रवांडाचा साचा इथे जसाच्या तसा बसणार नाही. पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी जाते आणि बाळ काही महिन्यांचे झाल्यावर परतते; नेमका तो काळ बांदेबेरेहोत नवरा बाळाला हात लावायला शिकतो. शिवाय आपल्या घरात जोडपे दोघांचेच नसते. सासू-सासरे असतात, आणि पोराने पोतेरे हातात घेतले की पहिला आवाज बहुधा आईचा येतो. महाराष्ट्रात अशा बैठका घ्यायच्या तर त्या माहेरी जाण्याआधी सुरू करून बाई परतल्यावर पुन्हा धराव्या लागतील, आणि त्यांतल्या एक-दोन सासूबाईंबरोबरच ठेवाव्या लागतील.