ऑर्किडची पानं सुरकुतली? पाणी घालायच्या आधी मुळं बघा

चवथीला फोंड्याला मावशीकडे गेलो तर बल्कांवातलं (घराच्या दारातल्या ओसरीवरचं) तिचं फॅलेनोप्सिस ऑर्किड पार मान टाकून बसलेलं. पानं सुरकुतलीत म्हणून ती रोज पाणी घालत होती, शेजारच्या काकी म्हणाल्या दिष्ट लागली, मिरच्या ओवाळ. मी झाड कुंडीतून उपसलं तर मुळं काळी, दाबली की नुसता चिखल. दिष्टबिष्ट काही नाही हो, झाड पाण्यात गुदमरलेलं आणि तरी तहानलेलं!

हे असं का होतं त्याची गोष्ट मुळात आहे, आणि मला ती भयंकर आवडते. हे ऑर्किड रानात झाडाच्या सालीवर राहतं, आपल्या गोव्यात सत्तरीत, मोल्याला मे-जूनमध्ये सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड लटकतं ना, तसंच. (लोक त्याला बांडगूळ समजून ओरबाडतात, पण ते झाडाचा रस थेंबभरही घेत नाही.) मुळावर वेलामेन नावाचं मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड अस्तर असतं, पाऊस पडला की ते स्पंजसारखं काही सेकंदांत भरतं. कोरडं असताना पोकळ्यांत हवा, म्हणून मूळ चांदीसारखं दिसतं. भिजलं की अस्तर पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसून मूळ हिरवं. त्याच्या आत एक्झोडर्मिस, म्हणजे जाड भिंतीच्या पेशींचा थर, त्यात मधेमधे जिवंत पॅसेज सेल्स, पाणी आणि क्षार त्यांच्यातूनच आत शिरतात. आता हे अस्तर कायम भिजलेलंच राहिलं तर ऑक्सिजनला पाण्यातून वाट काढावी लागते, आणि पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो, मग आतल्या पेशी मरतात, बुरशी शिरते, मूळ सडतं, पाणी वर चढत नाही, पानं सुरकुततात आणि आपण अजून पाणी ओततो.

त्यात आपला पावसाळा, हवाच ओली, कुंडी सुकणार कधी.

कात्री गॅसवर तापवून सडलेली मुळं कापली, टणक होती तेवढी ठेवली. भोकांच्या कुंडीत कोळसा, फुटक्या कौलाचे तुकडे आणि नारळाचं सोडण घातलं (सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, क्षार निघून जातात). पाणी मुळं चांदीसारखी झाल्यावरच. ऑर्किड टॉनिकच्या बाटल्या विकतात त्यावर पैसे घालवू नका, मुळंच नसतील तर ते पिणार कोण?

जुन्या पानांच्या सुरकुत्या अजून तशाच आहेत. पण काल मावशीने फोटो पाठवला, खालच्या पानाच्या बगलेतून हिरव्या टोकाचं नवं मूळ बाहेर आलंय, अर्ध्या बोटाएवढं.