लाजाळू मुलगी सर्जन होऊ शकत नाही का?

‘अमुक प्रश्नावली सोडवा, मूल सर्जन होईल का ते कळेल, लाजाळू निघालं तर सर्जरी नको,’ असा मेसेज सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरत असतो. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली, म्हणून तो इथं मनाला लागतो.

आपल्याकडे एमबीबीएसनंतर एमएस सर्जरीची जागा बहुतेक ठिकाणी नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या गुणक्रमावर मिळते. स्वभावाची चाचणी त्यात नाहीच.

आता प्रश्नावलीचं. माणसांना १६ साच्यांत बसवणाऱ्या चाचण्या प्रत्येक गुणाचे दोनच कप्पे करतात: बोलका किंवा अबोल. पण बहुतेक माणसं मधेच असतात. दोन उत्तरं इकडची तिकडं झाली की कप्पा बदलतो. शिवाय जागा मिळवायची असली की कोणतं उत्तर ‘बरोबर’ दिसेल, हे कुणालाही उमगतं. नेटकेपणा, शिस्त यांचा चांगल्या कामाशी संबंध अभ्यासांत दिसतो, हे खरं. पण तो अनेकांच्या सरासरीतला. तुमच्या एकट्या मुलीचं भविष्य त्यातून निघत नाही. टाके घालणं तर सरावानंच जमतं.

पडताळायचंय? प्रश्नावली आज सोडवून उत्तरं कपाटात ठेवा. पाच-सहा आठवड्यांनी, जुनी न बघता, पुन्हा सोडवा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. प्रवेशाची माहितीपुस्तिकाही वाचा. निवडीचे निकष तिथं छापलेले असतात.