लाव्हाच्या थरांतली चुंबकीय उलटापालट

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून पूर्ण उलटं होतं, म्हणजे आज उत्तर दाखवणारी होकायंत्राची सुई त्या काळात दक्षिण दाखवत बसली असती, आणि याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा थंड झालेल्या लाव्हात मिळतो. नाशिककरांना तो बघायला लांब जायला नको. पांडवलेणी ज्यात कोरलीत आणि अंजनेरी, ब्रह्मगिरी ज्याचे बनलेत तो काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हाच.

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा 1100-1200 अंश सेल्सिअस असतो. त्यात मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे बारीक कण तयार होतात, पण शुद्ध मॅग्नेटाइट 580 अंशांच्या वर असेपर्यंत त्यात चुंबकत्व टिकतच नाही, त्याखाली उतरलं की त्या वेळी क्षेत्राची जी दिशा असेल ती कणांत पक्की होते आणि कोट्यवधी वर्षं राहू शकते. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की पातळ लाव्हात कण सुईसारखे फिरून उत्तरेकडे तोंड करतात. तसं नाही हो, 580 अंशांना दगड कधीचाच घट्ट झालेला असतो. कण जागचा हलत नाही, त्याच्या आतलं चुंबकत्व तेवढं दिशा धरतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं फ्रान्समध्ये. 1906 मध्ये बर्नार ब्रून यांना लाव्हा आणि त्याखाली भाजली गेलेली माती, दोन्हींत आजच्या उलट दिशा सापडली. दोन वेगळे पदार्थ एकच उलटी दिशा सांगतायत म्हटल्यावर नुसता दगडाचा विचित्रपणा म्हणून सोडून देणं अवघड होतं, तरी लोकांनी बरीच वर्षं सोडूनच दिलं. 1929 मध्ये जपानच्या मोतोनोरी मातुयामांनी दाखवलं की उलट्या दिशेचे लाव्हा ठरावीक जुन्या काळातलेच आहेत. 1960 च्या दशकात पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने लाव्हांची वयं काढून अमेरिकेत कॉक्स, डोएल आणि डॅलरिंपल यांनी उलटापालटीचं कॅलेंडरच मांडलं. शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वीची, आणि मधल्या अंतराला काही ठरलेला हिशोब नाही.

कसाऱ्याच्या बाजूला घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, वर माती तयार व्हायला लागली, मग दुसरा लाव्हा येऊन ती भाजून गेला, असा तो प्रकार. म्हणजे थर लागोपाठ दिसत असले तरी मध्ये बराच काळ गेलेला असू शकतो.

नमुना घेताना साधारण इंचभर जाडीचा गोल तुकडा ड्रिलने काढतात, पण त्याआधी तो डोंगरात नेमका कसा बसलेला होता ते मोजावं लागतं, आणि बेसॉल्ट स्वतःच सुई ओढतो म्हणून दिशा उन्हाच्या सावलीवरून काढतात. डोंगरमाथ्यावर वीज पडून गेली असेल तर दगडाची जुनी नोंद पार बिघडते. लॅबमध्ये तुकडा टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चिकटलेलं चुंबकत्व काढून टाकतात, उरते ती मूळ दिशा.

सह्याद्रीतल्या बहुतेक थरांत ही दिशा येते दक्षिण-आग्नेय, आणि 45 अंशांच्या आसपास जमिनीत खाली. या झुकावावरून अक्षांश निघतो तो दक्षिण गोलार्धातला, साधारण 27 अंश. आजचं नाशिक 20 अंश उत्तरेला! म्हणजे क्षेत्र उलटं होतं ते होतंच, वर भारतही तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे होता आणि नंतर सरकत वर आला.

माझ्या मते यातून निघालेली खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे. हा लाव्हा कित्येक दशलक्ष वर्षं निघत राहिला असं आधी धरलं जायचं. पण इतक्या उंच थप्पीत उलटापालटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि थप्पीचा मोठा भाग एकाच उलट्या काळातला, जो काळ 10 लाख वर्षांपेक्षाही कमी टिकला. त्यावरून 1986 मध्ये व्हिन्सेंट कूर्तीलो आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हा सगळा प्रकार भराभर उरकला, आणि डायनोसॉर संपले ती वेळही त्याच उलट्या काळात पडते.

उलटापालट चालू असतानाची मधली अवस्था मात्र लाव्हात क्वचितच पकडली जाते, कारण उलटायला काही हजार वर्षं लागतात आणि लाव्हा काही रोज येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनचा स्टीन्स माउंटन त्यासाठी नावाजलेला आहे. सह्याद्रीत उलट्याचं परत सरळ झालेलं बघायचं तर वरचे, म्हणजे नंतरचे थर गाठावे लागतात, आणि ते दक्षिणेकडे महाबळेश्वरच्या बाजूला आहेत.