नैराश्यावरील औषध आणि कावीळ : नेफाझोडोन बाजारातून का गेले

नेफाझोडोन या नैराश्यावरील गोळीला अमेरिकेत डिसेंबर १९९४ मध्ये परवानगी मिळाली. झोप आणि लैंगिक जीवन फारसे न बिघडवणारी गोळी म्हणून तिचा बोलबाला झाला; पुढे मात्र ती घेणाऱ्या काही रुग्णांचे यकृत निकामी झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. २००२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत गंभीर स्वरूपाचा, इशारा आला : अमेरिकेत अडीच ते तीन लाख रुग्ण-वर्षांमागे (एका रुग्णाने वर्षभर गोळी घेतली की एक रुग्ण-वर्ष) एकाचा मृत्यू होतो किंवा त्याला यकृत बदलावे लागते. २००३ मध्ये कॅनडातून आणि युरोपातून ती गेली, २००४ मध्ये मूळ उत्पादक ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने अमेरिकेतली विक्रीही थांबवली.

परवानगीपूर्वीच्या चाचण्या काही हजार रुग्णांवर होतात. लाखांत एखाद्याला होणारी इजा त्यांत दिसण्याची शक्यता जवळजवळ नसते, ती गोळी घरोघरी पोहोचल्यावरच कळते. हे पूर्वीही घडले होते. क्षयावरचे इप्रोनियाझिड १९५७ पासून नैराश्यासाठी वापरले जाऊ लागले आणि यकृताच्या दाहामुळे १९६१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. स्वीडनचे झिमेलिडीन १९८२ मध्ये आले आणि हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे विकारामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले.

अशा इजेचा पहिला पुरावा रुग्णाच्या अंगावर दिसतो, आणि तो डॉक्टरांपर्यंत पोहोचला तरच त्याची नोंद होते. मराठवाड्यात नेमके इथेच सुटते. डोळे पिवळे झाले, लघवी हळदीसारखी होऊ लागली, अन्नावरची वासना उडाली की खेड्यातला माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचला, तरी ‘टेन्शनची गोळी’ चालू असल्याचे सांगत नाही, कारण दुष्काळाने आणि कर्जाने खचलेल्या घरात ती गोळी लपवूनच घेतलेली असते. मेडिकलवर रिकामी पट्टी दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या आणणाऱ्याच्या हाती तर चिठ्ठीही नसते. यात दोष रुग्णाचा नाही. विचारणाऱ्याने आपुलकीने विचारले तर तो सांगतो.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकालाही तक्रार नोंदवता येते. गोळी मात्र मनाने बंद करू नये. कावीळ दिसताच पट्टी बरोबर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.